लय चांगली बाई

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. गावच्या शाळेतून आलो आणि कॉलेजची तीन वर्षं मखमलाबादला आत्याकडे राहिलो. ती शेवंती लावायची, पहाटे फुलबाजारात न्यायची आणि परत येऊन माझा डबा भरायची. पुढे सातपूरला नोकरी लागली, कथा लिहायला लागलो, तेव्हा पहिली कथा तिच्यावरच लिहिली.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ती परत पाठवली. सोबत दोन ओळी होत्या. भाषा चांगली आहे, पण बाई खरी वाटत नाही. पंधरा दिवसांत दुरुस्त केलीत तर छापू.

मला रागच आला. जिच्या हातचं जेवलो ती खरी नाही? रविवारी आत्याकडे गेलो. ती ओट्यावर फुलं निवडत होती. मी सगळी कथा वाचून दाखवली.

"कोण रं ही बाई?"

"आत्या, तूच की."

"मी? लय चांगली हाय ही. कोणाला टाकून बोलत नाय, कोणावर जळत नाय. शेजारी ऱ्हायला आली तर दोन दिवसांत पळवून लावीन मी तिला."

हसता हसता ती सांगायला लागली. एका वर्षी थोरल्या जावेनं तिच्याकडे शेवंतीची रोपं मागितली. रोप मागितलं तर नाही म्हणत नाहीत आमच्याकडे. आत्याही नाही म्हणाली नाही. वाफ्यातली मरतुकडी तेवढी निवडून दिली.

"आन तिचीच शेवंती माझ्यापेक्षा भारी फुलली बघ! दसऱ्यापर्यंत त्या बांधानं गेले नाय मी. लांबून जायची, पण तिची फुलं बघायची नाय."

तीन वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. उपकारांच्या ओझ्याखाली मान वर करून मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

"हे लिहू?" मी विचारलं.

"घराला घर लागून हाय तिचं. कळलं तर बोलायची बंद होईल." दोन-चार फुलं निवडून झाल्यावर म्हणाली, "लिही. पण तिची भारी फुलली हेबी लिही. नायतर मी निस्ती दुष्टच वाटंल."

एवढं नेमकं मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं. तिनं सांगितलं तसंच लिहिलं आणि कथा छापून आली. अंक घेऊन गेलो, तर आत्यानं तो स्वतःच शेजारी नेऊन दिला.

संध्याकाळी थोरली जाऊ दारात उभी. नातीकडून कथा वाचून घेतली होती. आत्या उठून उभी राहिली.

"रोपं मरतुकडी होती ते मला तवाच दिसलं होतं," जाऊ म्हणाली.

"मग घेतली कशाला बाई तुमी?"

"तू दिली म्हणून."

आत्या चहा ठेवायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.