सुमतीताईंनी जमिनीवर मांडलेलं छत

सुमतीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चर्चच्या फरशीवर उताण्या पडल्या होत्या. अंगावर पाचवारी, तिच्यावर पुरुषी ओव्हरकोट, पायांत लोकरीचे मोजे आणि छातीवर कॅमेरा. रविवारी जर्मनीतल्या एर्लांगेनहून सायकलवर भटकत मी त्या खेड्यात पोचलो होतो. साडी पाहून तोंडातून मराठीच निघालं, "अहो, लागलं का?"

"मला काही झालेलं नाही. तू मात्र उजेडात उभा आहेस. सरक."

गणितात डॉक्टरेट करायला आलेल्या या बाई सुट्टीत जुन्या गॉथिक चर्चच्या छतांचे फोटो काढत हिंडत. छतावरच्या दगडी कमानींचं जाळं म्हणजे त्यांच्या लेखी ठिपक्यांची रांगोळी. "आल्झो, तर मग, आधी ठिपके बघ," त्या सांगत, "रेघा मागून येतात." कॅमेरा तसूभर कलला तरी फोटो बाद. "मान वाकडी करून बघणाऱ्याला सगळं जग वाकडं," हे वर. त्यांचे फोटो मी धुऊन द्यायचो आणि बोलणी खायचो. दोन्हींची मला लवकरच सवय झाली.

त्या खेड्यातल्या चर्चचं अर्धं छत युद्धात बॉम्बने पडलं होतं. उरलेलं धोकादायक म्हणून उतरवलं जाणार होतं आणि मूळ नकाशा कुणाकडेच नव्हता. चर्चच्या मंडळाने ठरवलं होतं, ईस्टरपर्यंत जुनी आकृती हाती आली तर दगडी छत, नाहीतर सरळ लाकडी फळ्या. सुमतीताईंनी आपण होऊन काम अंगावर घेतलं. छत उतरवण्याआधी आम्ही तीन रविवार फोटो काढले.

मग त्यांनी गुडघ्यांवर बसून, दोरी आणि खडू घेऊन ती आकृती, पडलेला भाग ठिपक्यांच्या हिशेबाने भरून, पूर्ण मापाने चर्चच्या फरशीवर मांडली. छताच्या कामावरच्या म्हाताऱ्या पाथरवटाने भिंतीत शिल्लक राहिलेल्या कमानींच्या टोकांवरून ओळंबे सोडले. एकही ओळंबा रेघेवर येईना. कमानी डावीकडे वळत होत्या, रेघा उजवीकडे. मंडळातले एक गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "फळ्याच बऱ्या." जुनं छत तर आता ढिगाऱ्यात होतं, पुन्हा वर बघून खात्री करायची सोय नव्हती.

मी हळूच म्हणालो, "ताई, फोटो माझ्याकडून उलटा छापला गेला असं सांगू या का?"

त्यांनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग फरशीवरच्या रेघांभोवती एक फेरी मारली. आणि कपाळावर हात मारून हसायला लागल्या. "अरे, रांगोळी आपण वरून बघतो! छत मी खालून पाहिलं आणि जसंच्या तसं जमिनीवर मांडलं. डावं-उजवं उलटणारच की!" आणि मंडळाकडे वळून स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाल्या, "चूक माझी आहे. हा मुलगा उगाच ती स्वतःवर घेईल, ऐकू नका. मला दोन दिवस द्या."

मी निगेटिव्ह पालथी घालून सगळे फोटो पुन्हा छापले. त्यांनी सगळी फरशी पुसून नव्याने मांडली. तिसऱ्या दिवशी पहिला ओळंबा बरोबर रेघेवर येऊन थांबला, मग दुसरा, मग तिसरा. पाथरवटाने टोपी काढली आणि तो एवढंच म्हणाला, "गेनाऊ." अगदी बरोबर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ताई मात्र खडूचे हात झटकत होत्या.

छत पुरं व्हायच्या आधीच त्या डॉक्टरेट घेऊन पुण्याला परतल्या. स्टेशनवर मी म्हणालो, तुम्हाला ते बघायला मिळणार नाही याचंच वाईट वाटतं. "ज्यांनी ते चर्च पहिल्यांदा बांधायला घेतलं, त्यांतल्या कितीजणांनी पुरं झालेलं पाहिलं असेल?" त्या म्हणाल्या. "जा, गाडी सुटेल माझी."

दोन वर्षांनी नव्या छताखाली पहिली प्रार्थना झाली. शेवटी पाद्रीबाबांनी कारागिरांची नावं वाचली. सुतार, गवंडी, पाथरवट. प्रत्येकजण आपापल्या नावाला उभा राहत होता. मग त्यांनी अडखळत सुमतीताईंचं नाव घेतलं. उभं राहायला कुणीच नव्हतं. तेव्हा तो म्हातारा पाथरवट पुन्हा उठून उभा राहिला.