आरशातली मागची सीट

बँकांनी जप्त केलेल्या गाड्यांचा लिलाव होतो, त्या आवारात मी स्वस्तातली गाडी शोधायला गेलो होतो. तिथे बापू नावाचे एक उंचपुरे गृहस्थ एकेक गाडी चालवत आणून बोली लावणाऱ्यांसमोर उभी करत होते. गुडघे स्टिअरिंगला टेकलेले, मान वाकलेली, तरी सीट काही मागे घेत नव्हते.

मला राहवेना. "अहो, सीट सरकवा की! एवढे हाल कशाला?"

"घेणाऱ्याने सरकवावी," ते म्हणाले. "आपण कोण? गाडी अजून आधीच्या माणसाच्या मापाची आहे."

मला हसूच आलं. म्हटलं, लोखंडाचं कसलं एवढं सोवळं!

थोड्या वेळाने एका पांढऱ्या गाडीवर शेवटची बोली माझी ठरली. खुशीत आत बसलो, तर गुडघे आपटले. मागचं बघावं म्हणून आरशात पाहिलं, तर मागचा रस्ता दिसेना. आरसा खाली वळवलेला होता. त्यात फक्त मागची सीट दिसत होती आणि तिच्यावर इवल्याशा बुटांचे पुसट ठसे.

मूल झोपलं का, हे बघत बघत कुणीतरी ही गाडी चालवत असणार. मी मात्र बोली लावण्याआधी इंजिन बघितलं होतं, टायर बघितले होते, किंमत घासून घासून बघितली होती.

गाडी न्यायची तर आरसा हलवावाच लागणार होता. मी हात वर नेला आणि सहज बाहेर पाहिलं.

बापू गाडीकडे पाठ फिरवून उभे होते.