दादांची बाटली

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या छातीत दुखलं, तेव्हा पित्त समजून ते सोडा पिऊन झोपले. तो झटका होता हे फार उशिरा कळलं. तोवर हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा निकामी झाला होता. नगरच्या डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' म्हटलं आणि मी तिथेच रडायला लागले. हृदय बंद पडलेलं नाही, त्याचा जोर गेलाय, असं ते समजावत राहिले. मला नीट कळलं ते दादांमुळे. व्होल्टेज कमी असलं की विहिरीवरची मोटर फिरते पण पाणी चढत नाही, तसंच झालंय, असं ते गाडीत म्हणाले. न चढलेलं पाणी त्यांच्या पायांत आणि फुप्फुसांत साठत होतं.

हृदयावरचा ताण उतरवायच्या गोळ्या होत्या, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी होती. मीठ बेताचं, रोज सकाळी वजन. आणि पाणी मोजून. सकाळी एक बाटली भरायची, चहा-ताकही त्याच हिशेबात धरायचं. मी नोकरीवर रजा टाकून पारनेरजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले आणि त्या बाटलीची पोलीस झाले.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. जो येई तो शहाळी घेऊन येई, आणि दादांनी आपल्यासमोर ते प्यावं म्हणून बसून राही. मी शहाळं उचलून आत नेलं की तोंडं वाकडी व्हायची. कुणाकुणाला मी सरळ हाकलल्यासारखंच बोलले. शेजारी राहणारी आत्या, दादांची थोरली बहीण, ओसरीवर बसून सगळ्यांना ऐकवायची, "पोटची पोर बापाला पान्यावाचून वाळवतीय." मला तिचा संताप यायचा. रात्रंदिवस दादांच्या सुकलेल्या ओठांकडे मीच तर बघत होते.

एक दिवस गोळ्या आणायला मी पारनेरला गेले. परत आले तर दादा घरात नव्हते. अंगात त्राण नाही म्हणून आत्याने त्यांना गावातल्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं होतं. अशक्तपणा आला की सलाईन, हे आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक. हृदयाचं दुखणं तिने तिथे सांगितलंच नाही. संध्याकाळपर्यंत दादांना आडवं होता येईना. प्रत्येक श्वासाला छातीत खळखळ वाजत होतं. शेजाऱ्यांच्या गाडीतून नगरला नेलं, तेव्हा ते माझा दंड घट्ट धरून ताठ बसले होते आणि बोलू शकत नव्हते.

इंजेक्शनं देऊन पाणी काढलं. वाचले, पण हृदय आणखी थकलं, आता फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं. मी तिथेच व्हरांड्यात, आमच्याबरोबर आलेल्या आत्यावर ओरडले. ती भिंतीला टेकून खाली बसली. "ताकद यावी म्हनून नेलं गं मी त्याला," एवढंच ती म्हणाली. तिच्याकडे बघून मला आणखीनच असहाय वाटलं. चिडावं तरी कुणावर?

घरी आणल्यावर दादा अधूनमधून एकच मागायचे. "एक घोट दे की." बाटली संपलेली असायची. मी ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवायची आणि ते तो चोखायला बघायचे. आणखी थोडे दिवस मिळावेत म्हणून मी नाही म्हणत राहिले.

एका सकाळी उशांना टेकून बसल्या बसल्याच ते गेले. त्यांना खाली घेतलं. रीतीप्रमाणे एकेकाने तोंडात पाणी घातलं. शेवटी आत्याने तांब्या माझ्या हातात दिला.

"आता पाज पोरी. आता मोजू नको."

मी तांब्या कलता केला. पाणी आत गेलंच नाही, ओठांच्या कडेने मानेवर ओघळलं. मी ते ओढणीने टिपलं आणि पुन्हा ओतलं.