शाली पांघरलेली नागवेल

सत्काराच्या कार्यक्रमाला मनापासून जाणारा माणूस अख्ख्या नांदेडात एकच आहे, आणि तो म्हणजे आमच्या शेजारचे चाचा. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. भाषणांशी त्यांना काही देणंघेणं नसतं, त्यांचा सगळा डोळा शालीवर. कडक थंडीत त्यांच्या अंगणातली झाडं करपतात, आणि झाडांना पांघरायला सत्काराच्या शालीइतकी बिनकामाची वस्तू घराघरात दुसरी पडून नसते, हा त्यांचा सिद्धांत. कार्यक्रम आटोपला की ते हळूच स्टेजपाशी येतात, तोंडभरून अभिनंदन करतात आणि बोलता बोलता शालीचं टोक चिमटीत धरून पाहतात. माझ्या सेवापूर्तीला सगळे गहिवरलेले असताना हे गृहस्थ म्हणाले, "सरजी, ही माणसाला चालंल. झाडाला न्हाई चालायची." तरी नेलीच. हिवाळ्यात त्यांच्या केळी, पपया, वांगी जरीकाठी शाली पांघरून अशा उभ्या असतात, की आता कुणीतरी आभार मानायला उठणार असं वाटतं. त्यातल्या पपयांवर चाचांचा फार जीव. गल्लीत असं घर नाही जिथं त्यांच्या पपईची फोड पोचली नाही.

मागच्या थंडीत माझ्या बायकोचं लातूरला ऑपरेशन झालं. आम्ही तिकडं अडकलो आणि इकडं थंडीची लाट आली. बायकोला टाक्यांपेक्षा घोर तिच्या नागवेलीचा. कंधारला माहेरी तिच्या आईनं लावलेल्या वेलीची ही फांदी. आता आई नाही, ते घर विकलं, तिथली वेलही गेली. ही करपली तर दुसरी आणायची कुठून? मी चाचांना फोन करायचो. ते म्हणायचे, "भाभीला सांगा, वेल मजेत झोपून राहिली." तेवढं ऐकलं की ती दोन घास खायची.

घरी आलो तर नागवेल बुडापासून शेंड्यापर्यंत शालींत गुंडाळलेली, आणि आत पान न् पान हिरवं. बायकोचा जीव भांड्यात पडला. मग तिची नजर कुंपणापलीकडं गेली. चाचांच्या एकाही झाडावर चिंधीसुद्धा नव्हती. केळी करपलेल्या, पपया काळ्या पडून माना टाकलेल्या.

"चाचा, हे काय केलंत हो?" ती म्हणाली.

"थंडी लई बेक्कार होती, भाभी. एका शालीनं भागंना. सगळ्यांना थोडं थोडं पांघरलं असतं तर सगळीच गेली असती." मग पपयांकडं न बघता म्हणाले, "पपईचं बी कुठं बी मिळतंय. तुमच्या अम्मीची वेल बाजारात मिळती काय?"

तिला रडू आलं. मलाही आलं, त्यात लाज कसली.

त्या पपया पुन्हा फुटल्या नाहीत. चाचांनी नवी रोपं लावलीत, पण ती गोडी नाही. त्यांनाही ते कळतं, बोलत मात्र नाहीत. बायको रोज जेवणं झाली की नागवेलीची पानं खुडते, आधी चाचांचा विडा लावून कुंपणावरून देते, मग माझा लावते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाबतीत मला दुसरा नंबर मनापासून मान्य आहे.