बाईंचा पियानो आणि विजेचे दोन ट्रक

आमच्या गावात कुणाला सोफा हलवायचा असला की तो आधी व्हर्लिन झ्वागरमनला फोन करी आणि मग सोफा खरंच हलवायचा आहे का, हे घरात ठरवी. बावीस वर्षं हे असंच चाललं. पिकअप ट्रक पश्चिम मिशिगनमध्ये पुष्कळांकडे आहेत. पण फोन व्हर्लिनलाच जायचा. तो कुरकुर करायचा. "माझा ट्रक म्हणजे पाणपोई झालाय," असं दर शनिवारी म्हणायचा, आणि एखाद्या शनिवारी फोन आलाच नाही तर दिवसभर घरात अशी आदळआपट करायचा की त्याची बायको आर्लिन मला खिडकीतून विचारायची, "तुमच्याकडे हलवण्यासारखं काही आहे का हो?" मी समोरच राहतो. एकदा केवळ शेजारधर्म म्हणून मी एक कपाट माडीवरून तळघरात नेलं आणि पुढच्या महिन्यात परत वर आणलं.

आमच्याकडे मदत सरळ कुणी मागत नाही. चर्च सुटल्यावर हातात कॉफीचा कप घेऊन, खिडकीबाहेर बघत, "त्या फ्रीजला काही पाय फुटणार नाहीत" असं हवेत सोडून द्यायचं. ट्रकवाल्यानं विचारायचं, "मी येऊ का?" मग दोनदा "छे, तुम्हाला कशाला त्रास" म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं" म्हणायचं. कुणी ट्रक मागून नेलाच, तर परत देताना टाकी काठोकाठ भरलेली हवी. स्टॅन बोल्थाउसनं एकदा पाऊण टाकीवर ट्रक परत केला होता. तो माणूस सज्जन होता, त्यानं गावाची शाळा बांधली, त्याला जाऊनही आता सहा वर्षं झाली. त्याच्याविषयी बोलणं निघालं की अजून त्या पाऊण टाकीचंच निघतं.

हे सगळं सुरळीत चाललं असताना आर्लिनच्या भावानं, हार्लन डायखाउसनं, विजेवरचा पिकअप घेतला.

हार्लन माझ्या बाजूलाच, म्हणजे व्हर्लिनच्याही समोर राहतो. त्याचा ट्रक आटोपशीर, निळा, गॅरेजमध्ये ऐटीत मावणारा. हौद्यात प्लग लावायला विजेची चार सॉकेट्स. जूनमध्ये चर्चच्या सहभोजनाला त्यानं कॉफीचं शंभर कपांचं पातेलं ट्रकच्या विजेवर उकळून दाखवलं. लोक घोळका करून बघत होते. व्हर्लिन लांब उभा राहून बटाट्याचं सॅलड चिवडत होता.

"कॉफी ट्रकवरच करायची तर स्वयंपाकघर कशाला बांधलं चर्चनं?" तो मला म्हणाला.

महिन्याभरात त्यानं आपला जुना पेट्रोलचा ट्रक ग्रंथालयातल्या लोरेटा काम्प्सला विकला आणि विजेवरचाच, पण हार्लनच्यापेक्षा दीड हात लांब ट्रक घेतला. रंग चंदेरी. गॅरेजमध्ये घातला तर नाक बाहेर राहायचं आणि दार लागायचं नाही.

"हवा खेळती राहते," व्हर्लिन म्हणाला.

"खारी पण खेळत्या राहतात," हार्लन रस्त्यापलीकडून म्हणाला.

तेव्हापासून दोघांची तुलना सुरू झाली. माझा तीनशे वीस मैल जातो, तुझा दोनशे ऐंशी. माझा हौदा लांब, तुझ्यात शिडी तिरकी घालावी लागते. माझा गल्लीत एका दमात वळतो, तुला तीनदा मागेपुढे करावं लागतं, परवा आमच्या पत्रपेटीला विचारून बघ. व्हर्लिनचा खुर्च्यांचा कारखाना घरापासून नऊ मैलांवर. हार्लनचं दुकान सात मैलांवर. तीनशे मैलांच्या बढाया मारणारी ही दोन माणसं आठवड्याभरात शंभर मैलांपलीकडे जात नव्हती.

जेवताना हेच, चर्चमध्ये हेच. शेवटी ऑक्टोबरात आर्लिननं दोघांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "आठवडाभर एकमेकांचे ट्रक चालवा. शनिवारी सकाळी परत करा. मग ज्याला जे बोलायचं ते बोला. तोवर माझ्या घरात बॅटरी हा शब्द नको."

आता खरी गंमत झाली ती मला दोघांनीही वेगवेगळी सांगितली, म्हणजे न सांगता सांगितली. व्हर्लिनला निळा ट्रक फार आवडला. कारखान्यासमोर एका दमात लागतो, गॅरेजचं दार लागतं, आणि ती चार सॉकेट्स. त्यानं मंगळवारी काहीही कारण नसताना हौद्यात टोस्टर लावून पाव भाजून खाल्ला. हार्लनला चंदेरी ट्रक इतका आवडला की तो पुढच्या सीटवर बसून जेवू लागला. दोघंही संध्याकाळी तोंडं वाकडी करून घरी यायचे.

"कसा काय?" मी विचारायचो.

"आहे आपला," व्हर्लिन म्हणायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर, दुसऱ्याच्या पानातली जिलबी जास्त कुरकुरीत आहे हे कळलेल्या माणसाचा भाव असायचा.

त्याच आठवड्यात व्हँडर मोलेनबाईंचा पियानो निघाला. बाई ब्याऐंशी वर्षांच्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पियानो शिकवला, त्यात व्हर्लिन आणि हार्लनही होते. बरोबर वाजवणाऱ्याला बाई पेपरमिंटची गोळी द्यायच्या. हार्लनला दर आठवड्याला गोळी मिळायची. व्हर्लिनला चार वर्षांत एकच मिळाली, तीही खोकला झाला होता म्हणून. पन्नास वर्षं झाली, पण ही गोष्ट व्हर्लिन कालच घडल्यासारखी सांगतो. बाई आता वृद्धाश्रमात राहायला जाणार होत्या, आणि तिथल्या दिवाणखान्यात पियानो न्यायचा होता.

रविवारी कॉफीच्या वेळी बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्या पियानोला काही पाय फुटणार नाहीत."

"मी येतो बाई," व्हर्लिन.

"मी पण," हार्लन.

"छे, तुम्हाला कशाला त्रास," बाई म्हणाल्या. दोघांनी पुन्हा विचारलं. बाई पुन्हा छे म्हणाल्या. तिसऱ्यांदा दोघांनी एकाच श्वासात विचारलं आणि बाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "बरं. शनिवारी, दहाला."

आता पियानो कुणाच्या ट्रकमधून जाणार, यावर गावातला मान ठरणार होता. दोघांनी जाहीर केलं, शनिवारी किल्ल्या परत मिळाल्या की मी माझाच ट्रक नेणार. बाईंना हार्लनच्या ट्रकमधून स्वतः नेऊन सोडायचं आणि लोकांनी म्हणायचं, काय छान ट्रक आहे हो हार्लनचा, असली समाजसेवा व्हर्लिन करणार नव्हता. हार्लनही नाही.

शुक्रवारी दोघांनीही दुसऱ्याच्या ट्रकची शेवटची परीक्षा घेतली. व्हर्लिननं निळ्या ट्रकला आपली बोट जोडली आणि हिवाळ्यासाठी तळ्यावरून घरी आणली. ओझं ओढताना बॅटरी निम्म्या वाटेतच उतरते, हे त्याला सिद्ध करायचं होतं. ते इतकं सिद्ध झालं की घरी पोचला तेव्हा नऊ टक्के उरली होती. हार्लननं चंदेरी ट्रकमध्ये अंगणाच्या फरश्या भरून सगळा तालुका पालथा घातला. त्याची अकरा उरली. रात्री दोघांनी प्लग लावले आणि झोपले.

सकाळी पावणेदहाला निळा चौऱ्याण्णव टक्क्यांवर होता आणि चंदेरी त्र्याण्णववर.

आर्लिन दोन्ही अंगणांच्या मधोमध, रस्त्यावर उभी राहिली. "किल्ल्या द्या एकमेकांना आणि जा. बाई थांबल्यात."

"त्र्याण्णववर?" हार्लन म्हणाला. "मागून आणलेली गाडी त्र्याण्णववर परत करू?"

"अरे, पियानो दोन मैल न्यायचाय."

"स्टॅन बोल्थाउससुद्धा असंच काहीतरी म्हणाला असेल," व्हर्लिननं आपल्या अंगणातून साथ दिली. महिन्याभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. "हार्लन, तुझा किती झाला?"

"माझा नाही, तुझा. चौऱ्याण्णव. तुझा?"

"तुझा पंच्याण्णव."

थंडी होती आणि शेवटचे टक्के रांगत चढत होते.

तिकडे मी आणि चर्चमधली तीन दणकट माणसं बाईंच्या दारात पियानो घेऊन उभे होतो. सव्वादहा झाले. बाई कोट घालून, पर्स पोटाशी धरून पायरीवर. तेवढ्यात लोरेटा काम्प्स व्हर्लिनच्या जुन्या ट्रकमधून खताची रिकामी पोती परत करायला निघाली होती. ती थांबली.

"पियानोला काही पाय फुटणार नाहीत," बाई लांब झाडाकडे बघत म्हणाल्या.

लोरेटा मूळची डेट्रॉइटची, मोठ्या शहरातली. ती म्हणाली, "टाका की मागे."

बाईंनी तोंड उघडलं, पण दोनदा छे म्हणायला कुणी जागाच ठेवली नव्हती. पाच मिनिटांत पियानो चढला, दोरी बांधली, बाई पुढे बसल्या. मी मागे पियानो धरून बसलो. आमच्या गल्लीतून जाताना लोरेटानं सावकाश घेतलं. दोघे आपापल्या अंगणात प्लगजवळ वाकून उभे होते. गंजलेल्या ट्रकचा ओळखीचा खोकला ऐकून व्हर्लिननं आधी मान वर केली. बाईंनी हात हलवला.

"अठ्ठ्याण्णव," हार्लन हळूच म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये, प्रवचन रंगात आलं असताना, बाईंनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढली आणि बाकावरून पुढे सरकवत सरकवत लोरेटाच्या हातात पोचवली. ती व्हर्लिनच्या हातातून गेली. त्यानं ती क्षणभर धरून ठेवली होती, असं आर्लिन म्हणते.

कॉफीच्या वेळी घोळका लोरेटाभोवती. कुणीतरी खिडकीबाहेर बघत एका कपाटाविषयी बोलत होतं. व्हर्लिन आणि हार्लन दोघे खांद्याला खांदा लावून वाहनतळाकडे बघत उभे राहिले. तिथं दोन लखलखीत ट्रकांच्या मधे तो गंजका उभा होता.

"डावं दार जरा उचलून ओढावं लागतं," व्हर्लिन म्हणाला. "तिला माहीत नसणार."

"सांग मग."

"का सांगू?"

थोड्या वेळानं त्यानं कप खाली ठेवला, घोळक्यातून वाट काढली आणि लोरेटासमोर उभा राहिला. "ट्रकचा फार त्रास होत असेल ना? मी परत घेऊ का?"

"छे," लोरेटा म्हणाली.

व्हर्लिनचा चेहरा उजळला. "नाही, खरंच. घेऊ का?"

"छे हो."

आता तो दोन पावलं पुढे सरकला. टायची गाठ नीट केली. व्हर्लिननं रीतसर तिसऱ्यांदा विचारलं, आणि हात किल्लीसाठी अर्धा पुढे केला.

"छे," लोरेटा म्हणाली, आणि कपाट किती उंच आहे ते विचारायला वळली.