खैरुनबीचे रोजचे आभार

इचलकरंजीच्या एका मागाच्या कारखान्यात खैरुनबी सुताच्या कांड्या भरते. गेल्या वर्षी तिची ओढणी मशीनच्या पट्ट्यात ओढली गेली. गळा आवळला, डोळ्यांपुढं अंधारी आली. शेजारच्या मशीनवरच्या मीनाबाईनं धावत जाऊन बटण बंद केलं, म्हणून ती वाचली.

आठवड्यानं ती कामावर परतली. पण मशीन सुरू करायचं म्हटलं की तिचा हात बटणापर्यंत जाऊन मागं येतो. म्हणून आधी ती मीनाबाईचा हात धरते आणि म्हणते, "तुझ्यामुळं हाय मी."

"रोज काय सांगतीस गं?" मीनाबाईनं एकदा विचारलं.

"भ्या रोज वाटतंय की. तुला सांगितलं की जरा धीर येतुया."

आता सकाळी मीनाबाईच आधी तिच्याजवळ येऊन उभी राहते. भीती मात्र अजून गेलेली नाही.