तीन नॉटचा हट्ट

५ ऑक्टोबर. गॅरेज आवरताना गळांचा डबा उघडला आणि तोच खारट, गंजका वास आला.

बारा वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या वेमथच्या समुद्रात बास जातीचा मासा पकडायला आम्ही बोटीमागे नकली मासा ओढत फिरत होतो. देवगडहून आलेले माझे सासरे, अण्णा, दोन दिवसांनी परत जाणार होते. इथला एक तरी मासा आपल्या हाताने पकडायचा, एवढीच त्यांची इच्छा. पण नवऱ्याने कुठेतरी 'वेग तीन नॉट', म्हणजे ताशी साधारण साडेपाच किलोमीटर, असं वाचलेलं, त्यामुळे तीन तास त्याची नजर जीपीएसवरच्या वेगाच्या आकड्यावरून हलेना.

अण्णा दोरीला बोट लावून हळूच म्हणाले, "सूनबाई, पाणीच आपल्याला पुढे नेतंय, म्हणून आकडा तीन दिसतोय. मासा मागे मेल्यासारखा लोंबतोय. वेग वाढवायला हवा."

"मग सांगा ना त्याला."

"बोट त्याची. उगाच वाईट वाटेल."

चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस पोराच्या भिडेने गप्प. तेव्हा नवऱ्याचा राग आला होता. आज जास्त चीड येते ती माझी, कारण मीही मुकाट्याने चहा ओतत राहिले.

पण तेव्हा त्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला झोपू दिलं, अण्णांना उठवून बोटीवर नेलं, जीपीएसवर टॉवेल टाकला आणि सुकाणू त्यांच्या हातात दिलं.